पाच मुली, झपताल आणि ताईंचं ‘अजून बघ’

पत्र: मी २१ वर्षांची आहे. साताऱ्याला कथक शिकते, विशारद पूर्ण या परीक्षेची तयारी चालू आहे. आमच्या शिक्षिका ताईंनी वार्षिक कार्यक्रमासाठी पाच धाकट्या मुलींचा झपताल, म्हणजे दहा मात्रांच्या तालातला नाच, बसवायला मला सांगितलाय. वेळ सहा मिनिटं. आजवर शिकवलेलं नाचले, स्वतः कधी काही बसवलं नाही. १९ बंदिशी (ठरावीक बोलांवर नाचायचे छोटे भाग) निवडून मुलींना शिकवल्या आणि तीनदा ताईंना दाखवलं. तिन्ही वेळा त्या ‘अजून बघ’ एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या बॅचकडे वळल्या. काय बघू तेच कळत नाही. जे करते ते ताईंच्याच नाचासारखं दिसतं. चक्रदार, म्हणजे अख्खा तुकडा तीनदा करायची बंदिश, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येत नाही. त्यांना किती विचारायचं आणि किती आपलं आपण शोधायचं? कार्यक्रमाला आठ आठवडे आहेत.
— कथकची विद्यार्थिनी, सातारा

प्रिय मैत्रिणी,

ताईंनी तुला टाळलं असं आम्हाला वाटत नाही. तू दाखवलंस त्यात त्यांना तुझी रचना दिसलीच नसणार. बारा-चौदा वर्षांच्या मुली नुकत्या शिकलेल्या १९ बंदिशी सलग करतात तेव्हा समोर बसलेल्या माणसाला चुकलेले पाय, विसरलेले हस्तक (हातांच्या हालचाली) आणि एकमेकींकडे चोरून बघणारे डोळे दिसतात. त्यामागे तू काय योजलंस ते कळायला जागाच उरत नाही. तेव्हा पहिली गोष्ट ही कर, की रचना आणि मुलींची तयारी या दोन गोष्टी ताईंसमोर वेगवेगळ्या ने.

या आठवड्यात मुलींना सुट्टी दे आणि सगळा आयटम कागदावर लिही. परीक्षेसाठी ताललिपी लिहितेस तशीच, एका ओळीत एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, १० मात्रांचे १० रकाने, वर सम, टाळी आणि खाली (टाळी न देण्याची मात्रा) यांच्या खुणा. बोलांच्या खाली दुसरी ओळ: कोण नाचतंय. तिसरी ओळ: कुठे उभी आहे आणि तोंड कुठे आहे. मग ताईंसमोर बस, हाताने ताल दे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत पढंत कर, म्हणजे बोल तोंडाने म्हण. कथकमध्ये ही सोय फार मोठी आहे. रचना पढंतीत उभी राहिली तर मंचावर उभी राहण्याची आशा असते. पढंत करताना तुलाच कुठे कंटाळा आला, तर तिथे प्रेक्षकाला नक्की येणार.

आता वेळेचा हिशेब. झपताल ६० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला ६० मात्रा, धरलास तर एका आवर्तनाला १० सेकंद लागतात. ९० च्या लयीत पावणेसात सेकंदांच्या आसपास, १२० ला पाच. पहिली दोन मिनिटं ६० मध्ये, मधली दोन ९० मध्ये आणि शेवटची दोन १२० मध्ये ठेवलीस, तर हातात १२, १८ आणि २४ अशी ५४ आवर्तनं येतात. त्यात १९ बंदिशी म्हणजे एकेकीच्या वाट्याला तीनसुद्धा नाहीत. एक बंदिश करायला दोन-तीन आवर्तनं, नंतर स्थिरावायला एक, पुढच्या जागेवर जायला एक. बसतच नाही. सात निवड, बाकीच्या बारा वहीत राहू देत.

मांडणी साधारण अशी करून बघ. विलंबित, म्हणजे संथ, भागात थाटाला (डौलदार स्थिर उभं राहणं) सहा आवर्तनं, आमदला (प्रवेशाची बंदिश) चार, तिहाई (तेच बोल तीनदा घेऊन समेवर येणं) आणि तिच्यानंतरचा ठहराव दोन. मधल्या १८ मध्ये दोन तुकडे (छोट्या बंदिशी) आणि एक गतनिकास (डौलदार चालीचा भाग), पण प्रत्येक तुकडा दोनदा: एकदा सगळ्या मिळून आणि एकदा वाटून. एकच बंदिश दोन रूपांत दिसली की बघणाऱ्याला ती ओळखीची होते, आणि मुलींना नवीन पाठांतर नको. शेवटच्या २४ मध्ये लडी (तत्काराचे, म्हणजे पायांच्या बोलांचे, गुंफलेले प्रकार) १२, दोन गटांतला सवाल-जवाब ५, चक्रदार ५. राहिलेली दोन रिकामी ठेव. ती लागतातच. या वयाच्या मुलींना १२० च्या लयीत तत्कार दुगुनीपर्यंतच दे. दुगुनीत सेकंदाला चार पाय पडतात, ते स्वच्छ ऐकू येतात. चौगुनीत आठ पडतात. तेवढी तयारी त्यांची अजून नसणार, आणि पाच जणींचा मिळून नुसता गलका होईल.

लेहरा (आवर्तन दाखवत फिरत राहणारी धून) रेकॉर्डेड असेल तर लय बदलण्याची जागा नीट शिवावी लागते. लेहऱ्याचा जोड समेवरच घ्यायचा, मधल्या मात्रेवर कधीही नाही. आणि तिथे हमखास घडतं ते असं: मुली जुन्या लयीत समेवर येतात, नव्या लयीतला लगेचचा तत्कार ओढून-ताणून धरतात आणि पहिलं आवर्तन कोसळतं. म्हणून नव्या लयीच्या पहिल्या आवर्तनात पाय देऊच नकोस. नुसता थाट ठेव किंवा मुलींनाच बोल म्हणायला लाव. दहा मात्रा कानात मुरल्या की पाय आपोआप लयीत पडतात.

तुझी चक्रदार. तू सांगितलं नाहीस, पण ती तीनतालातली, म्हणजे १६ मात्रांच्या तालातली, असावी असा आमचा अंदाज आहे. तीनतालात ११ मात्रांचा तुकडा तीनदा केला की ३३ होतात, म्हणजे दोन आवर्तनं आणि वर सम. तीच चक्रदार झपतालात समेपासून सुरू केलीस तर शेवटचा थेई चौथ्या आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर पडतो. नवव्या मात्रेपासून उचललीस तर समेवर येईल, गणित सुटेल. पण आमचा आग्रह आहे की तसं करू नकोस. तीनतालाचं वजन चार-चार मात्रांचं, झपतालाचं दोन-तीन, दोन-तीन. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना असा ठेका चालू असताना वर चार-चारचे बोल आले की दोन्ही एकमेकांना ढकलत राहतात. तयार नर्तकी हा ताण मुद्दाम खेळवते. या मुलींचे मात्र पाय सुटतील.

झपतालाची तिहाई झपतालातच बांध. समेपासून पुढच्या समेपर्यंत, दोन्ही समा धरून, ११ मोज. तीन मात्रांचा पल्ला (तीनदा यायचे बोल) आणि मध्ये एकेक मात्रेचा दम, म्हणजे थांबा, घेतलास की ३, १, ३, १, ३ मिळून बरोबर ११. ‘तत तत थेई’, दम, ‘तत तत थेई’, दम, ‘तत तत थेई’, आणि शेवटचा थेई समेवर. खालीपासून, म्हणजे सहाव्या मात्रेपासून, घ्यायची असेल तर दोन मात्रांचा पल्ला तीनदा, दम न घेता. दोन आवर्तनांची हवी असेल तर सात मात्रांचा पल्ला तीनदा, हीसुद्धा बेदम. दमदार करायची तर ५, ३, ५, ३, ५ पण गणितात बसते, फक्त तीन मात्रा स्थिर उभं राहणं धाकट्या मुलींना तत्काराहून अवघड जातं. तिथे एखादी तरी आधी निघते.

आता याच ११ च्या तिहाईच्या आधी सहा मात्रांचे बोल जोड. झाल्या १७. सतरा त्रिक ५१, म्हणजे पाच आवर्तनं आणि सम. तुझी स्वतःची चक्रदार तयार झाली, १२० च्या लयीत साधारण २५ सेकंदांची. मुलींना हे आधीच सांगून ठेव की पहिल्या चक्राचा शेवटचा थेई दुसऱ्या आवर्तनाच्या सातव्या मात्रेवर पडतो आणि दुसऱ्याचा चौथ्या आवर्तनाच्या चौथ्या मात्रेवर. हे माहीत नसलेली मुलगी सातव्या मात्रेवरच सम आली असं समजून थांबते, आणि तिला बघून शेजारचीही थांबते. चक्रदार शिकवताना हातावर ताल धरून पढंत पंधरा-वीस वेळा झाल्याशिवाय पाय उचलूच देऊ नकोस.

‘ताईंसारखंच दिसतं’ ही तुझी खंत आम्हाला पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटली. बंदिशी ताईंच्या असणारच. त्या त्यांनाही कुणीतरी दिल्या आहेत. कार्यक्रमात निवेदन असेल तर कोणती बंदिश कुणाकडून आली ते नाव घेऊन सांग, तेवढं ऋण पुरेसं आहे. पुण्यात १९४७ मध्ये नृत्यभारती ही कथक संस्था सुरू करणाऱ्या नर्तकी रोहिणी भाटे यांनी परंपरेचं शिक्षण घेऊनच स्वतःच्या बंदिशी रचल्या. तुझ्या वाट्याला आत्ता बंदिशी रचण्याचं काम आलेलंच नाही. तुझं काम आहे ते कोण, कुठून, कधी, कुणाबरोबर हे ठरवण्याचं. आणि तू ते ठरवलंच नाहीस, असं तुझ्या वर्णनावरून दिसतं. पाचही जणी एका ओळीत, तोंड प्रेक्षकांकडे, सगळ्यांचं सगळं एकदम, असंच असणार. ताई एकट्या नाचतात तेव्हा जे दिसतं, तेच पाच जागी दिसलं.

कथक मुळात एकट्याने करायचा नाच. नर्तकीचा संवाद तबल्याशी आणि समोर बसलेल्या माणसांशी. समूहाची भाषा त्यात बरीच नंतर घडली, आणि अहमदाबादच्या नृत्यरचनाकार कुमुदिनी लाखिया यांचं त्यातलं काम फार मोलाचं. पाच जणी मंचावर आल्या की संवाद त्यांच्या त्यांच्यात सुरू व्हायला हवा: कुणीतरी विचारतंय, कुणी उत्तर देतंय, दोघी चालतायत म्हणून तिघी थांबल्यात. असं झालं की बंदिश ताईंची असूनही रचना तुझी होते.

सराव म्हणून हे कर. ताईंनी शिकवलेला एकच तुकडा घे आणि दर वेळी त्यातली फक्त एक गोष्ट बदल. बोल तेच, तोंड तिरकं. बोल तेच, पण पहिला पल्ला एकीने, दुसरा दोघींनी, तिसरा पाचही जणींनी. बोल तेच, पण पाय दोघींचे आणि हस्तक तिघींचे. असे सहा-सात प्रकार करून त्यातले दोन ठेव. दोन गोष्टी एकदम बदलू नकोस, नाहीतर कशामुळे जमलं आणि कशामुळे फसलं ते कळणार नाही.

मागून येणं, म्हणजे एका गटाने सुरू केल्यावर दुसऱ्याने काही मात्रांनी तेच उचलणं, समूहात फार देखणं दिसतं. झपतालात हे अंतर पाच मात्रांचं किंवा पूर्ण दहाचं ठेव. पाच मात्रांनी उचललं तर पहिला गट खालीच्या मात्रेवर असताना दुसरा सुरू होतो आणि दोघांचं दोन-तीनचं वजन एकमेकांवर बसतं. दोन किंवा तीन मात्रांनी उचललंस तर एकीचा दोनचा विभाग दुसरीच्या तीनवर पडतो आणि बघणाऱ्याला वाटतं, मुली चुकल्या. तुझ्या पहिल्या रचनेत तो धोका नको. हेही लक्षात ठेव, की मागून येणारा गट पाच मात्रा उशिरा संपतो. त्या पाच मात्रा पहिल्या गटाने काय करायचं ते लिहून ठेवलं नाहीस तर मुली हात खाली सोडून उभ्या राहतात.

घुंगरांचाही विचार कर. प्रत्येक पायात १०० धरले तर मंचावर १,००० घुंगरं आहेत. पाच जणींचा पाय केसभर मागेपुढे पडला तरी आवाज फाटतो. म्हणून लडीत सगळ्या सतत नकोत. दोघी तत्कार करतील तेव्हा तिघी थाटात स्थिर. मग अदलाबदल. शेवटच्या तिहाईला पाचही जणी एकदम आल्या की आवाजाची भर नुसत्या संख्येने होते, त्यासाठी जोरात पाय आपटायला लागत नाही.

मंच फुटांत मोज. चक्कर आणि पसरलेले हात धरून दोघींच्या मध्यापासून मध्यापर्यंत सहा फूट लागतात. पाच जणी एका ओळीत म्हणजे चार अंतरं २४ फूट, दोन्ही टोकांना हातांसाठी तीन-तीन, एकूण ३०. सभागृहाची वापरात येणारी रुंदी त्याहून कमी असेल तर एक ओळ विसर. पुढे तिघी, मागे त्यांच्या मधल्या जागांत दोघी, म्हणजे १८ फुटांत काम होतं. क्लासच्या फरशीवर सभागृहाचं माप खडूने किंवा चिकटपट्टीने आखून घे आणि मध्यबिंदूवर खूण कर. जागा बदलताना डौल सांभाळून एका मात्रेला दीड फुटाचं पाऊल धर. एका आवर्तनात कुणालाही १२ फुटांपेक्षा जास्त चालायला देऊ नकोस, नाहीतर शेवटच्या दोन मात्रांत सगळ्या पळत सुटतात. दोघींची वाट एकमेकींना छेदत असेल तर मागून जाणारी एक मात्रा आधी निघेल असं ठरवून टाक.

चक्करांसाठी छोटी परीक्षा घे. जमिनीवर फुली कर, प्रत्येकीला तिच्यावर उभं करून नऊ चक्कर घ्यायला लाव, थांबल्यावर ती फुलीपासून किती सरकली ते पाहा. एका फुटाच्या आत राहणाऱ्यांना शेजारी-शेजारी चक्कर दे. बाकीच्यांना थाट किंवा पढंत. त्यात त्यांचा कमीपणा नाही हे त्यांना आधी सांग.

आता ताईंना किती विचारायचं. भरपूर विचार, पण ‘कसं झालं?’ हा प्रश्न सोडून दे. त्याला ‘अजून बघ’ याशिवाय फारसं उत्तर नसतं. एका वेळी दोन मिनिटांपेक्षा जास्त दाखवू नकोस, आणि शक्य असेल तिथे दोन पर्याय ने. ‘ताई, या तुकड्यात दुसरा गट पाच मात्रांनी घेतलाय आणि असाच दहा मात्रांनीही घेतलाय, कुठलं राहू दे?’ असं विचारलंस तर बॅच बदलायच्या पाच मिनिटांतही त्या उत्तर देऊ शकतात. किंवा, ‘कुठल्या आवर्तनापासून तुमचं लक्ष उडालं?’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही कौतुकापेक्षा तुझ्या जास्त कामाचं आहे. त्या बोलतील ते त्याच कागदावर, त्याच आवर्तनापुढे लिही.

त्यांनी एखादा भाग बदलला तर आधी तो तसा करून बघ. कारण पटलं नाही तर मुलींसमोर नाही, क्लास संपल्यावर विचार. तरीही तुझं मत वेगळं राहिलं तर दोन्ही रूपं तयार करून पुढच्या आठवड्यात शेजारी-शेजारी दाखव. यात उद्धटपणा नाही. ज्यांनी तुला हे काम दिलं त्यांना तू विचार करावास असंच वाटत असणार. आणि त्यांनी तेव्हाही त्यांचंच ठेवायला सांगितलं तर ठेव. कार्यक्रम त्यांच्या क्लासचा आहे, तुझं रूप वहीत आहेच.

आठ आठवडे असे वाट. पहिला कागद आणि पढंत. दुसरा, तिसरा, चौथा: आठवड्याला एकेक लय, आणि त्याच आठवड्यात ताईंना तेवढाच तुकडा. पाचव्यात जोड, म्हणजे फक्त लय बदलण्याच्या आणि जागा बदलण्याच्या जागा. हा आठवडा बहुतेक जण गाळतात आणि मंचावर घोळ नेमका तिथेच होतो. सहाव्यात सगळं सलग, आरशाकडे पाठ करून. आरशात बघायची सवय लागलेल्या मुली सभागृहात गेल्या की एकमेकींचा अंदाज हरवून बसतात. तालीम दीड तासापेक्षा लांबवू नकोस, फरशीवरच्या तत्काराने नडग्या दुखायला लागतात. घुंगरू शेवटच्या अर्ध्या तासातच बांधू देत, त्याआधी पायाचा स्वतःचा आवाज ऐकायला हवा.

सहाव्या आठवड्यापासून चित्रीकरण कर. फोन आडवा, मंचाच्या मध्यरेषेवर, पाचही जणींचे पाय दिसतील इतका लांब. मग ते तीनदा बघ: एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून नुसतं ऐकत, आणि एकदा सर्वांत मागच्या मुलीवर नजर ठेवून. आवाज बंद असताना काहीच कळत नसेल तर रचनेत दोष आहे. डोळे मिटून गोंधळ ऐकू आला तर तालीम कमी पडतेय. रील बघून कल्पना घ्यायला आमची हरकत नाही, पण ती उभ्या चौकटीसाठी आणि एखाद-दुसऱ्या नर्तकीसाठी बसवलेली असतात. ३० फुटांच्या मंचाचा अंदाज त्यातून येत नाही.

शेवटच्या दहा दिवसांत बोल, जागा, क्रम यांतलं काहीही बदलू नकोस, ताईंनी सुचवलं तरी हात जोडून सांग की मुलींना आता झेपणार नाही. त्या दिवसांत एकच जादा तालीम घे, चार जणींची. पाचातली एकेक मुलगी आळीपाळीने बाहेर बसव आणि उरलेल्या चौघींकडून पूर्ण आयटम करून घे. कुणाला ऐनवेळी ताप आला तर तिची जागा कोण भरणार, सवाल-जवाबात तिचे बोल कोण उचलणार आणि पुढच्या ओळीत मध्यावर कोण येणार, हे त्याच कागदावर लाल शाईने लिहून एक प्रत ताईंकडे ठेव.